ओळख करून घ्या, माणूस टाळून

इंग्रजी संभाषणाचा सराव करायचं ठरवलंच असेल, तर आधी एक खबरदारी घ्या. समोर कोणी असता कामा नये. भल्याभल्यांचा सराव फसतो तो इथेच. उत्साहाच्या भरात ते एखाद्या जित्याजागत्या माणसाला गाठतात, 'हाउ आर यू?' म्हणून विचारतात आणि तो खरंच सांगायला लागतो. पुस्तकातला जॉन असं कधी करत नाही. त्याला केव्हाही विचारा, तो 'फाइन, थँक यू, अँड यू?' एवढंच म्हणणार. रात्रभर पाठ धरली होती, अशी तक्रार जॉनने आजवर केलेली नाही. त्याला पाठ नाहीच. त्याचं जे काही आहे ते तोंडपाठ आहे.

तेव्हा सरावाला आरसा घ्या. आरशाचा शब्दसंग्रह तुमच्याइतकाच असतो, वेग तुमच्याइतकाच असतो, आणि तुमची चूक तुमच्याप्रमाणेच त्याच्याही लक्षात येत नाही. आरशाचा कंटाळा आला तर मोबाइलमधलं ॲप आहे. तुम्ही स्वतःचं नाव बरोबर सांगितलंत की ते टाळ्या वाजवतं आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पाडतं. तुमचं नाव ऐकून याआधी कोणाला एवढा आनंद झाला होता, ते जरा आठवून बघा. मग माणसांकडे परत जावंसं वाटणार नाही.

स्वतःची ओळख करून देताना 'आय ॲम' वगैरे साधेपणा नको. दोन अक्षरांत आटोपणारी ओळख ती काय ओळख! 'मायसेल्फ' म्हणा. 'मायसेल्फ' म्हणताना छाती आपोआप दोन बोटं पुढे येते. वाक्यात क्रियापदच नाही, अशी कुरकुर व्याकरणवाले करतील. करू द्या. क्रियापद म्हटलं की काहीतरी करणं आलं. आपल्याला इथे नुसतं असायचं आहे. त्यापुढे नाव, शिक्षण, घरात किती माणसं आणि छंद हे सगळं एका दमात येऊ द्या. छंद तीनच असतात: रीडिंग, ट्रॅव्हलिंग आणि लिसनिंग टु म्यूझिक. यांतला कोणताही प्रत्यक्षात असण्याची सक्ती नाही. शेवटी 'दॅट्स ऑल अबाउट मी' म्हणून माणूस संपल्याचं जाहीर करा आणि खाली बसा. म्यूझिक म्हटल्यावर कोणी 'कोणाचं ऐकता?' असं विचारलंच, तर तो माणूस सराव बिघडवायला आलाय हे ओळखून राहा.

हे फार एकतर्फी होतंय, असं वाटेल. मुळीच नाही, याला युरोपचा आधार आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा येण्याच्या सहा पातळ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. ए-वन सगळ्यात खालची, सी-टू सगळ्यात वरची. ए-वनवाल्याला स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देता यावी, कुठे राहता, कोणाला ओळखता अशी विचारपूस करता यावी, असं तिथे म्हटलंय. आणि त्याला जोडून एक अट आहे: समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलणारा हवा, शिवाय मदतीला तयार हवा. अट कोणावर आहे ते नीट बघा. म्हणजे संभाषण कोसळलं तर आपण नापास होत नाही, समोरचा नापास होतो. (खरं तर ही अट सी-टूपर्यंत सगळ्यांनाच लावायला हवी होती. इंग्रजी उत्तम येणारी पण सावकाश, स्पष्ट आणि मदतीच्या तयारीने न बोलणारी बरीच मंडळी माझ्या पाहण्यात आहेत.)

आरशाने भागत नसेल आणि वर्गात जावंच लागलं, तर तिथे सगळ्यांना गोल करून बसवतात आणि एकेकाला ओळख करून द्यायला लावतात. इथे ऐकण्याच्या मोहात पडू नका. चार खुर्च्या पलीकडून सुरुवात झाली की लगेच मनातल्या मनात आपलं वाक्य घोळवायला घ्या. ओठ किंचित हलले तरी चालतील. तिसरी खुर्ची बोलेल, दुसरी बोलेल. तुम्ही मान डोलवत राहा. अगदी शेजारची बाई बोलत असेल तेव्हा तुमची नजर तिच्या चेहऱ्यावर आणि जीव 'ग्रॅज्युएशन'मधल्या जोडाक्षरात अडकलेला हवा. बाकीचे हसले की आपणही हसायचं. ती थांबली की श्वास घ्यायचा आणि सुटायचं.

हे जमेल की नाही अशी शंका असेल तर धीर धरा, ते न शिकताही जमतं. माल्कम ब्रेनर या संशोधकांनी १९७३ मध्ये लोकांना एकत्र बसवून आळीपाळीने शब्द मोठ्याने वाचायला लावले आणि नंतर कोणाला काय आठवतंय ते पाहिलं. आपली पाळी येण्याच्या लगेच आधी जे वाचलं गेलं, तेच लोकांना सगळ्यात कमी आठवत होतं. याला 'नेक्स्ट इन लाइन इफेक्ट' असं भारदस्त नावही मिळालंय. थोडक्यात, ज्या शेजारणीशी पुढचा तासभर जोडी लावून बोलायचंय, नेमकं तिचंच नाव आपण हरवून बसतो. बिघडलं काही नाही. तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना इंग्रजीत मिळून एकच 'यू' आहे. त्यावर अख्खा कोर्स निघतो.

एवढी भेट पार पडली की पुढची पायरी म्हणजे माणसाचं वर्णन, आणि खरी मौज तिथेच आहे. वर्णनाचा पाया असा, की माणसाकडे बघायचं नाही. बघितलं की तपशील दिसतात आणि तपशिलांना शब्द लागतात. त्यापेक्षा गुण सांगा, कारण गुणांची यादी तयार मिळते. समजा, तुमच्या ओळखीचा एक पाहुणा गाडीने येतोय आणि त्याला उतरवून घ्यायला तुमचा परभाषक सहकारी निघालाय. पाहुण्याला त्याने कधी पाहिलेलं नाही. तो तुम्हाला विचारतो, 'व्हॉट डज ही लुक लाइक?' डगमगू नका. सांगा, 'ही इज व्हेरी ऑनेस्ट, हार्डवर्किंग अँड डाउन टु अर्थ.' सहकारी फलाटावर जाऊन उभा राहील. गाडीतून शेकडो माणसं उतरतील. त्यांतली प्रामाणिक कोणती आणि मेहनती कोणती, ते त्याचं तो बघून घेईल. पाय जमिनीवर तर फलाटावर सगळ्यांचेच असतात. कपाळावर खोक आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, चालताना डावा खांदा पडतो, असल्या गोष्टी सांगून पाहुण्याची शान घालवू नका. अशाने तो लगेच सापडतो आणि बोलायला विषय उरत नाही.

याच्या उलट, नव्या साहेबांबद्दल कोणी 'व्हॉट इज शी लाइक?' असं विचारलं की उंची सांगा. 'फाइव्ह फीट टू.' पुढे हवं तर 'शी लाइक्स ओल्ड साँग्ज' जोडा. शिकवणारे सांगतात, की 'लाइक' असलेले हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत: एक दिसण्याबद्दलचा, एक स्वभावाबद्दलचा, एक ('व्हॉट डज शी लाइक?') आवडीनिवडीबद्दलचा. असतीलही. पण कोणता प्रश्न आहे हे कळायला तो शेवटपर्यंत ऐकावा लागतो, आणि तेवढ्यात आपली गाडी सुटते. 'लाइक' कानावर पडताच तिन्ही उत्तरं एकापाठोपाठ सोडून द्या, एक तरी लागेल.

शब्द निवडायला शब्दकोश आहेच. त्यात 'थिन', 'स्लिम' आणि 'स्किनी' या तिघांपुढे कमीजास्त एकच अर्थ दिलेला असतो, तेव्हा चिठ्ठी टाकून उचला. ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की समजायचं, 'स्किनी' निघाली. 'होमली' हा शब्दही हाताशी असू द्या. ब्रिटनमध्ये तो आपुलकीचा आहे. अमेरिकेत एखादीला 'होमली' म्हणणं म्हणजे दिसायला यथातथाच म्हणणं. एकाच विशेषणात एका खंडावर मैत्री आणि दुसऱ्यावर वैर, एवढी काटकसर कुठे मिळणार? आणि 'हेअर'ला 'एस' लावू नका, असा सगळीकडे धाक असतो, त्याने दबून जाऊ नका. डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर', पण सुटे मोजण्याजोगे असले तर 'हेअर्स' हे व्याकरणालाही मान्य आहे. तुमचा 'एस' चुकून लागलेला असला, तरी तो समोरच्या टकलाकडे बघून लावलाय असं म्हणायला वाव राहतो.

विशेषणांचा क्रम हा एक वेगळाच सोहळा. आधी आपलं मत, मग आकारमान, मग वय, मग आकार, मग रंग, मग मूळ देश. इंग्रजीत जन्मलेली माणसं हा क्रम न शिकता पाळतात, म्हणून आपण तो रांगेत उभं राहून शिकायचा. आपलं 'नाइस टॉल यंग' एवढं म्हणून होईपर्यंत समोरची व्यक्ती वळून दिसेनाशी झालेली असते. उरलेली विशेषणं पुढच्या माणसाला वापरा, वाया जात नाहीत.

परीक्षेला बसणार असाल तर मात्र एवढ्यावर भागणार नाही, तिथे पदरी एक माणूस लागतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या तोंडी भागात मधल्या टप्प्याला हातात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला फार तर दोन. कार्डावर कधी मदतीला धावलेली व्यक्ती असते, कधी एखादी वयस्कर व्यक्ती, कधी खेळाडू. दरवेळी नवा माणूस कुठून आणायचा? एकच काका पाळा. वय पासष्ट, उंच, मिश्किल, वाचनवेडे, देशोदेशी हिंडलेले, अडल्यानडल्याला धावणारे. वयस्कर व्यक्ती आली, काका. खेळाडू आला, तरुणपणीचे काका. तुम्हाला हसवणारं लहान मूल आलं तरी घाबरू नका, तेही काकाच, पाच वर्षांचे असताना. त्या वेळी तुम्ही तिथे कसे होतात, हे विचारायला परीक्षकाकडे वेळ नसतो. 'जिला भेटायला आवडेल अशी प्रसिद्ध व्यक्ती' हे कार्ड जरा अडचणीचं आहे, कारण काका घरचेच. तिथे त्यांना परदेशी पाठवा आणि तिकडे प्रसिद्ध करा.

यात अप्रामाणिकपणा आहे, असं वाटून घेऊ नका. गुण चार गोष्टींना मिळतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. तो माणूस खरंच होता का, याला गुण नाहीत. पाठ केलेलं उत्तर परीक्षकांना ओळखता येतं, म्हणून अधूनमधून अडखळणंही पाठ करा. वहीत 'माय अंकल इज' आणि 'जनरस' यांच्या मध्ये लाल शाईने 'अं...' लिहून ठेवा आणि तिथे वर छताकडे बघायचं, अशी खूण करा. सराव चांगला झाला की तो 'अं' इतका अस्सल येतो, की आठवण काढताना माणूस कसा थबकतो, ते बघणाऱ्याला कळावं. सख्ख्या काकांबद्दल इंग्रजीत बोलायची वेळ आली तर मात्र आरशासमोरही गप्प बसा. त्यांच्याबद्दल बोलताना कुठे थांबायचं, ते वहीत नसतं.

शेवटची शिफारस थोडी शास्त्रीय आहे. जोनाथन स्कूलर आणि टोनिया एंगस्टलर-स्कूलर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९० मध्ये लोकांना बँकेवरच्या दरोड्याची चित्रफीत दाखवली. मग काहींना दरोडेखोराच्या चेहऱ्याचं वर्णन लिहायला सांगितलं, बाकीच्यांना भलतंच काम दिलं. नंतर फोटोंमधून दरोडेखोर ओळखायची वेळ आली तेव्हा वर्णन लिहिणारेच मागे पडले. चेहरा शब्दांत मांडायच्या नादात चेहराच पुसट झाला. २०१४ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी हे पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही परिणाम दिसला. सराव करणाऱ्याला यासारखं वरदान नाही. जो भेटेल त्याचं लगेच वहीत सविस्तर वर्णन करून टाकत चला: नाक, डोळे, भुवया, हनुवटी, एकही विशेषण शिल्लक ठेवू नका. दुसऱ्यांदा भेटणाऱ्याला 'नाइस टू सी यू' म्हणायचं असतं, आणि तो धडा आपण अजून घेतलेला नाही. चेहरा ओळखीचाच वाटला नाही, की खुशाल हात पुढे करून 'नाइस टू मीट यू' म्हणता येतं. समोरचाही वही बाळगणारा निघाला, तर त्यालाही तुम्ही नवेच.