‘गाईडच ओढत नेतो’ म्हणणाऱ्यांसाठी: दोरीच्या दुसऱ्या टोकाला नेमकं काय चालतं

दृष्टिहीन धावपटूंच्या शर्यतीची एखादी क्लिप व्हायरल झाली की तिच्या मागोमाग एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. थोडक्यात तो असा: ‘खरी धाव गाईडची असते, तोच दोरीने ओढत नेतो. वेगवान माणूस मिळाला की पदक पक्कं. आणि गाईड काही खेळाडू नव्हे, नुसती सोबत. त्याला पदक देणं म्हणजे एका शर्यतीत दोन पदकं लाटणं.’ गाईड म्हणजे दृष्टिहीन खेळाडूशी हाताने दोरीत जोडलेला, शेजारी धावणारा डोळस धावपटू. गाईड सगळं करतो आणि गाईड काहीच करत नाही, असे दोन्ही आरोप एकाच मजकुरात आहेत. दोन्ही चुकीचे आहेत. ज्यांचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीतही येत नाही, अशा धावपटूंवर ते केले जातात, म्हणून सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी गट समजून घेऊ. ट्रॅकवर दृष्टिदोषाचे तीन गट असतात. टी-11 मध्ये जवळपास किंवा पूर्ण अंधत्व असलेले खेळाडू येतात. त्यांना गाईड सक्तीचा, आणि सगळे एका पातळीवर यावेत म्हणून डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी किंवा चष्माही सक्तीचा. टी-12 मध्ये गाईड घ्यायचा की नाही हे खेळाडू ठरवतो. टी-13 मध्ये गाईड नसतो.

‘गाईड ओढत नेतो’

नियमांनी सर्वांत कडक बंदोबस्त केलाय तो याच गोष्टीचा. दोरी न ताणणाऱ्या साहित्याची असावी लागते, म्हणजे रबरासारखी ताणून सोडता येत नाही. ती पूर्ण ताणली तरी 30 सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. गाईडने खेळाडूला ओढलं, ढकललं किंवा पुढे रेटलं तर बाद होतो तो खेळाडू. शेवटची रेषाही खेळाडूच्या धडाने गाईडच्या आधी ओलांडावी लागते. गाईड पुढे गेला तर केलेली वेळ कितीही चांगली असली तरी ती गेली.

पंच हे नुसतं कागदावर ठेवत नाहीत. 2016 च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये ब्रिटनच्या लिबी क्लेगला 100 मीटर टी-11 च्या उपांत्य फेरीनंतर याच कारणावरून बाद ठरवलं होतं. गाईड ख्रिस क्लार्कने तिला मदत केली, असा ठपका होता. तिच्या संघाने दाद मागितली, निर्णय फिरला, आणि मग अंतिम फेरीत तिने सुवर्ण जिंकलं. यातून दिसतं ते एवढंच की ओढण्याचा नुसता संशयसुद्धा पदकाच्या दारातून परत पाठवू शकतो.

नियम बाजूला ठेवले तरी ओढून वेग वाढत नाही, आणि त्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. दोरी हातात असते आणि धावताना हात मागेपुढे झुलतो. झुलणारा हात पुढे खेचला की त्या बाजूचा खांदा पुढे वळतो, कंबर उलट दिशेला पीळ खाते आणि पाऊल शरीराच्या खाली पडायच्या ऐवजी शरीराच्या पुढे पडतं. पुढे पडलेलं पाऊल ब्रेकचं काम करतं. म्हणजे ओढलेला धावपटू मंदावतो. दोरी ताठ झाली, याचा अर्थ जोडीची लय बिघडली. चांगल्या जोडीची दोरी बहुतेक वेळ सैलच दिसते.

‘वेगवान माणूस मिळाला की झालं’

वेग लागतोच, आणि तो भरपूर लागतो. टोकियोत 2021 साली ग्रीसच्या अथानासिओस घावेलासने 100 मीटर टी-11 मध्ये 10.82 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. शेजारी गाईड सोतिरिओस गारागानिस होता. त्याच वेगाने, एक हात दुसऱ्याच्या हाताशी जोडलेला ठेवून, आणि रेषेवर किंचित मागे राहून धावायचं, तर गाईडची स्वतःची वेळ खेळाडूपेक्षा काही दशांश सेकंदांनी चांगली हवी. तेवढी राखीव ताकद नसेल तर गाईड स्वतःच जीव तोडून पळतो आणि शेजारच्याकडे लक्ष द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही.

पण नुसता वेगवान धावपटू आणून उभा केला तर पहिल्याच सरावात गडबड होते, कारण या धावेत दोघांच्या हालचाली आरशातल्यासारख्या व्हाव्या लागतात. समजा खेळाडू डावीकडे आहे आणि गाईड उजवीकडे. खेळाडूचा उजवा आणि गाईडचा डावा हात दोरीने जोडलेले. हे दोन हात एकाच वेळी पुढे जायला हवेत. त्यामुळे दोघांचे बाहेरचे पाय एकदम पुढे येतात, मग आतले पाय एकदम. गाईड उंच असेल तर त्याने ढांग लांब टाकायची नाही. पावलांची गती खेळाडूची, आणि लांबी त्या गतीत बसेल तेवढीच. एक पाऊल चुकलं की एकाचा हात पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे, दोरी झटका देते आणि दोघांची धाव वेडीवाकडी होते. अशा वेळी गाईडनेच क्षणात पाऊल बदलून लय पकडायची असते. खेळाडूने बदलायचं नसतं.

वळणावर हिशेब आणखी बारीक होतो. 400 मीटरच्या ट्रॅकवर एक वळण साधारण 115 मीटरचं. गाईड बाहेरच्या बाजूने, खेळाडूपासून अर्धा मीटर अंतरावर धावत असेल, तर त्या एका वळणात त्याला 1.57 मीटर जास्त कापावे लागतात. पावलांची संख्या मात्र दोघांची तीच, पन्नासच्या आसपास. म्हणजे प्रत्येक पाऊल सुमारे 3 सेंटिमीटर लांब टाकायचं, आणि वळण संपून सरळ रस्ता लागला की त्याच क्षणी ते परत आखडतं घ्यायचं. आखडतं घ्यायला उशीर झाला की गाईड पुढे निघतो आणि दोरी खेळाडूला खेचते. 200 मीटरमध्ये जोड्या फसतात त्या बहुधा याच जागी, वळण संपतं तिथे.

सुरुवातही वेगळी शिकावी लागते. गाईड आधी खेळाडूला ब्लॉक्सपाशी (सुटताना पाय रेटायच्या आधारांपाशी) नेतो, त्याची बोटं रेषेमागे नीट टेकली आहेत का ते पाहतो, आणि मग स्वतः जागा घेतो. बंदुकीचा आवाज दोघांना एकाच वेळी येतो, पण गाईडने आपल्या प्रतिक्रियेला किंचित लगाम घालायचा असतो. तो आधी सुटला तर पहिलाच झटका खेळाडूच्या हाताला बसतो. त्याने चुकीची सुरुवात केली तर शिक्षा जोडीला, म्हणजे खेळाडूलाच.

शेवटच्या दहा मीटरचा सराव सर्वांत जास्त करावा लागतो. 100 मीटर 11 सेकंदांत म्हणजे सरासरी वेग सेकंदाला 9 मीटर, आणि शतांश सेकंदात 9 सेंटिमीटर. एवढ्याशा फरकावर पदकं ठरतात. नवा गाईड हमखास करतो ती चूक म्हणजे रेषेच्या अलीकडे एकदम ब्रेक मारणं. त्याने तो मागे राहतो खरा, पण दोरी खेळाडूलाही मागे खेचते. बरोबर पद्धत अशी: दहा मीटर आधीपासूनच धड जरा मागे ठेवायचं, दोरीचा हात पुढे मोकळा सोडायचा, ‘रेषा’ किंवा जो शब्द ठरला असेल तो वेळेवर ओरडायचा, आणि वेग मात्र रेषेच्या पलीकडेपर्यंत तोच राखायचा. खेळाडू त्या शब्दावर छाती पुढे झोकतो. शब्द अर्धा सेकंद लवकर आला तर तो चार-पाच मीटर आधीच झुकतो आणि लय तुटते.

हे सगळं जमवायचा क्रमही ठरलेला आहे. आधी दोरी धरून नुसतं चालणं, मोठ्याने ‘डावा, उजवा’ म्हणत. मग हळू धावणं, मग 30 मीटरच्या छोट्या धावा, नंतर 60 मीटर, त्यानंतर वळण, आणि सर्वांत शेवटी ब्लॉक्स. गाईडने स्वतः डोळे बांधून दुसऱ्याच्या भरवशावर धावून बघायलाच हवं. आपण किती उशिरा बोलतो, हे त्याशिवाय कळत नाही. दोरी मुठीत आवळायची नाही, बोटांत हलकी धरायची. मूठ आवळली की गाईडच्या खांद्याची प्रत्येक हालचाल खेळाडूपर्यंत पोचते आणि त्यातला इशारा कोणता, हे त्याला ओळखू येत नाही.

‘गाईड खेळाडू नाही, नुसती सोबत’

सोबत्याचा पाय मुरगळला तर आपण पुढे जातो. इथे तसं होत नाही. लंडन 2012 मध्ये ब्राझीलची तेरेझिन्या गिल्हेर्मिना 400 मीटरच्या अंतिम फेरीत धावत असताना तिचा गाईड गिल्हेर्मे सांताना पडला आणि तिची शर्यत तिथेच संपली. तीसुद्धा ट्रॅकवर त्याच्याजवळ थांबली. याच जोडीने त्याच स्पर्धेत 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं.

पॅरिस 2024 ची घटना याहून बोलकी आहे. टी-12 मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना कॉन्गोस्त तिसरी येत होती. रेषा अगदी समोर असताना तिचा गाईड पेटके येऊन कोलमडायला लागला. त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली. चौथ्या क्रमांकाची धावपटू बरीच मागे होती, फायदा कुणालाच झाला नव्हता, तरी त्या दिवशी तिला बाद ठरवलं गेलं आणि कांस्य जपानच्या मिसातो मिचिशिताला मिळालं. तो निर्णय निष्ठुर होता असं आमचं मत आहे. पण गाईडच्या पायातल्या पेटक्याने खेळाडूचं पदक जाऊ शकत असेल, तर गाईडला नुसती सोबत कसं म्हणायचं?

लांबच्या शर्यतीत गाईडचं काम शरीराइतकंच डोक्याचं असतं. जोडी शेजारी-शेजारी धावते, त्यामुळे पुढे जायला दुप्पट रुंद जागा लागते. कधी बाहेर निघायचं आणि पुन्हा आत कधी शिरायचं, हे गाईडच ठरवतो. त्याच दमात तो फेरीची वेळ, पुढच्याचं अंतर, रस्त्यावरचे उंचवटे आणि येणारं वळण सांगत असतो. धाप लागलेली असताना लांब वाक्यं बोलता येत नाहीत, म्हणून शब्द आधीच ठरवून घेतात: एक शब्द, एक अर्थ. पाण्याची बाटली तो उचलतो, आधी खेळाडूला देतो. स्वतः प्यायचं राहून गेलं तर त्याची किंमत पस्तिसाव्या किलोमीटरला मोजावी लागते. हे काम इतकं थकवणारं आहे की 5,000 मीटर आणि त्याहून लांबच्या शर्यतींत दोन गाईड वापरायची मुभा आहे. बदल मात्र ठरलेल्या जागीच करता येतो. डोपिंगचे नियमही गाईडला लागू असतात. प्रेक्षकातून उठवून आणलेल्या सोबत्याला हे कुणी लावत नाही.

‘एका शर्यतीत दोन पदकं’

पदकतालिकेत देशाच्या नावावर एकच पदक मोजलं जातं. गाईडच्या गळ्यातलं पदक त्याच कामगिरीचं असतं, वेगळं नाही. रिलेत चौघांच्या गळ्यात पदक पडतं तेव्हा चार पदकं लाटली असं कुणी म्हणत नाही.

‘थोडं दिसतं त्यांना गाईड कशाला?’

हा प्रश्न भारतात सिमरन शर्माच्या निमित्ताने जास्त विचारला गेला. टोकियोत ती टी-13 मध्ये, म्हणजे गाईडविना धावली होती. पुढे वर्गीकरण टी-12 झालं, आणि पॅरिसमध्ये गाईड अभय सिंगसोबत तिने 200 मीटरमध्ये 24.75 सेकंदांत कांस्य जिंकलं. लेनच्या रेषा धूसर दिसणारा धावपटू वळणावर नकळत सावध होतो, डोकं खाली झुकवून रेषा शोधतो, आणि डोकं झुकलं की कंबर खाली बसते व पाऊल आखूड पडतं. गाईड असला की डोकं वर राहतं, कारण दिशेची चिंता दुसऱ्याकडे गेलेली असते. मोबदल्यात लय जुळवण्याची नवी जबाबदारी येते. काहींना ती मानवत नाही आणि ते टी-12 मध्येही एकटे धावतात. हा निर्णय खेळाडू आणि प्रशिक्षक सरावातल्या वेळा पाहून घेतात.

एखादी क्लिप पुढे पाठवण्याआधी ती तीन ठिकाणी थांबवून बघा. ब्लॉक्समधून सुटताना आधी कोण हललं? वळण संपताना दोरी सैल आहे की ताठ? आणि रेषेवर कुणाची छाती पुढे आहे? गाईड ओढत असेल तर ते तिथे दिसेल, आणि तुमच्या आधी पंचांना दिसलेलं असेल.