‘मधलं नंतर जोडता येतं’ म्हणणाऱ्यांनो, या आणि जोडून द्या

‘जो प्रसंग सुचेल तो लिहून टाका, मधलं नंतर जोडता येतं.’ कादंबरी लिहायला घेतलेल्या माणसाला हा सल्ला कोणीही देतं. ज्याने आयुष्यात चार पानांपलीकडे काही लिहिलं नाही तोसुद्धा देतो, आणि वर असा चेहरा करतो की जणू गुपित सांगितलं. अहो, काय जोडता येतं? कशाने?

माझ्याकडे प्रसंग ढिगाने आहेत. रेल्वेच्या फलाटावरची भावाबहिणीची भेट आहे. कडाक्याचं भांडण आहे. शेवट तर कधीचा लिहून झालाय. फलाटाचा प्रसंग चांगला उतरलाय, उगाच विनय कशाला. वाचून दाखवला की ऐकणारे गप्प होतात. पण फलाटावरून भांडणापर्यंत गोष्ट गेली कशी, एवढं विचारा, म्हणजे मी गप्प होते.

आता हेच घ्या. फलाटावर नलिनी भावाशी हसतखेळत बोलतेय, कारण तिच्या नावावरचं घर त्याने विकायला काढलंय हे तिला ठाऊक नाही. पुढच्या प्रसंगात ती दारातूनच ओरडत येते, ‘माझी सही कोणी केली?’ दोन्ही प्रसंग आपापल्या जागी फक्कड. मधे तिला कळलं कसं? शेजारणीने सांगितलं म्हणावं, तर अख्ख्या कादंबरीत शेजारीण नाही. एका वाक्यासाठी बाई जन्माला घाला, तिला नाव द्या, आणि मग ती पुढे कुठे गेली याचा हिशेबही द्या. कागद सापडला म्हणावं, तर असा कागद घरात पडू देणारा भाऊ बावळट ठरतो, आणि शेवटच्या प्रकरणात तर तो बेरकी असल्याशिवाय चालतच नाही. कोणाचा तरी फोन आला? फोन येऊन सगळं कळणं म्हणजे लेखिकेने हात टेकले, हे शेंबडं पोरही ओळखेल. बरं, तिने स्वतःच ताडलं? एवढी हुशार होती तर फलाटावर का नाही ताडलं, बाई?

संताप याचाच येतो. जोडणं म्हणजे दोन तयार गोष्टींच्या मधे तिसरी आणून ठेवणं, असं लोकांना वाटतं. तसं कधीच होत नाही. मधलं काही ठरवलं की अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही हलतं. कोणाला काय ठाऊक आहे, कोण कोणावर किती चिडलंय, किती दिवस गेलेत, सगळं बदलतं. सुटा प्रसंग मस्त वाटतो, कारण त्याच्यावर कसलाच भार नसतो. भार पडला की त्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य आधी मोडतं. शेवटी मी तक्ताच मांडला: कोणत्या प्रसंगात कोणाला काय माहीत आहे, ऋतू कोणता, वार कोणता. फलाटावर धो धो पाऊस, भांडणाच्या वेळी रणरणतं ऊन, आणि मधे माझ्या हिशेबाने फक्त दोन दिवस! तक्ता बनवून काय कळलं, तर काहीच जुळत नाही. धन्यवाद.

आणि ते मधले परिच्छेद! ‘पुढचे काही दिवस नलिनीचे विचारातच गेले.’ हे वाक्य मी लिहिलंय. मी. दार उघडलं, आत आली, पर्स ठेवली, खिडकीपाशी गेली. कोणाला वाचायचंय हे? पण काढून टाकलं तर वाचणारा म्हणतो, अगं, ही इथे पोचली कधी?

यावरही सल्ला तयारच असतो: ‘मग कोरी जागा सोड ना, तीन फुल्या टाक, वाचक समजून घेतो.’ आणि वर दाखला फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरचा. त्याच्या १८६९ च्या कादंबरीत डिसेंबर १८५१ मधल्या सत्तापालटाच्या वेळी एक माणूस मारला जातो, प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण नायकाविषयीच्या ‘त्याने प्रवास केला’ एवढ्याच वाक्याने सुरू होतं, आणि थोड्याच ओळींत आपण १८६७ मध्ये असतो. मधली कोरी जागा प्रूस्त या दुसऱ्या फ्रेंच कादंबरीकाराने १९२० मध्ये डोक्यावर घेतली होती. मान्य! पण त्या रिकाम्या जागेत काय बुडालं हे वाचकाला नेमकं कळतं, कारण आधीच्या शेकडो पानांनी ते पक्कं केलेलं असतं. माझ्या तीन फुल्यांखाली एवढंच दडलंय की मला पुढचं माहीत नाही. वाचकाला त्याचा वास येतो.

दुसरी जमात कार्डवाल्यांची. ‘लोलिता’वाला कादंबरीकार नाबोकोव्ह कार्डांवर लिहायचा, कुठलाही तुकडा आधी लिहायचा, तूही तसं कर! पण तोच सांगायचा की अख्खी आकृती त्याच्या डोक्यात आधी तयार असते आणि शब्दकोड्यातली घरं भरावीत तसं तो मग हवं तिथून भरतो. हा अर्धा भाग सोयीस्करपणे गाळायचा आणि मला कार्डांचा गठ्ठा घ्यायला लावायचा. तो १९७७ मध्ये गेला तेव्हा त्याची शेवटची कादंबरी अर्धवट होती. २००९ मध्ये ती छापली तेव्हा १३८ कार्डं तशीच छापली, वाचकाला सुटी करून हवी तशी लावता यावीत म्हणून कडेने भोकं पाडून. साक्षात नाबोकोव्हच्या कार्डांची ही कथा, तर माझी कार्डं आपोआप कादंबरी होणार आहेत होय?

‘सरळ पहिल्या पानापासून लिही मग’ म्हणणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. पहिल्या पानापासून लिहिणाऱ्यांचं सातव्या प्रकरणात काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

असो. शेजारीण आणावीच लागणार, दुसरा इलाज दिसत नाही. म्हणजे ती दुसऱ्या प्रकरणापासून जिन्यात दिसली पाहिजे, नाहीतर वेळेवर उगवल्यासारखी वाटेल. आणि ती जिन्यात असली की दुसऱ्या प्रकरणात नलिनी मजल्यावर एकटीच राहते, हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही, तो सगळा प्रसंग गेला. सहा पानं. तोही चांगला उतरला होता.