राष्ट्राध्यक्ष झालात? मग हे वाचाच

अभिनंदन! आफ्रिकेतल्या एका देशाची सूत्रं तुमच्या हाती आली. आता शेजारी सामायिक बाजारपेठेचा करार घेऊन येतील. खुशाल सही करा, फक्त मागची पानं चाळा. तिथे एखादं न्यायालय दडलेलं असतं. जकातीच्या तंट्यांसाठी म्हणून बसवतात आणि एके दिवशी तिथे माणसं येऊन उभी राहतात.

इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक गटाने नायजेरियाची राजधानी अबुजातल्या आपल्या न्यायालयाला 2005 मध्ये मानवी हक्कांचे खटले ऐकायची मुभा दिली, तीही देशातल्या कोर्टांचे उंबरे आधी न झिजवता! 2008 मध्ये नायजरची एक बाई आली. बाराव्या वर्षी 2,40,000 फ्रँकला विकलेली. तिला गुलामगिरीतून वाचवलं नाही म्हणून नायजर सरकारला 1 कोटी फ्रँकचा भुर्दंड. आणि नायजरने तो भरला! असल्या सवयी लागू देऊ नका.

शिकावं ते झिम्बाब्वेकडून. शेत सरकारजमा झालं म्हणून माइक कॅम्पबेल या गोऱ्या शेतकऱ्याने दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांच्या गटाच्या, नामिबियातल्या विंडहोकच्या न्यायाधिकरणात दाद मागितली. जून 2008 मध्ये त्याला बेदम मारून खटला मागे घेण्याच्या कागदावर सही घेतली गेली. व्यर्थ. नोव्हेंबरमध्ये निकाल त्याच्याच बाजूने लागला. झिम्बाब्वेचे तेव्हाचे अध्यक्ष मुगाबेंनी त्या निकालाला केराची टोपली दाखवली, पण खरी करामत पुढची. 2010 मध्ये या गटाच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाच्या नेत्यांनी न्यायाधिकरणाचा 'आढावा' काढला. तज्ज्ञांनी ते कायदेशीर असल्याचा निर्वाळा दिला. तो फडताळात गेला. न्यायाधीशांच्या मुदती संपल्या, नव्या नेमणुका केल्याच नाहीत. कुलूपसुद्धा लावावं लागलं नाही. 2012 मध्ये मोझांबिकची राजधानी मापुटोतल्या बैठकीत ठरलं, यापुढे फक्त देशाने देशाविरुद्ध यावं. आता कोण कुणावर दावा ठोकतो?

कुणी विचारलंच तर वसाहतवाद्यांनी लुटलेल्या जमिनींचा विषय काढा. प्रश्न खराच आहे, म्हणून तर आडोशाला उत्तम. पोलीस-लष्कराने बडवलेल्या काळ्या नागरिकांनाही भरपाई द्या, असं हेच न्यायाधिकरण म्हणालं होतं, ते मात्र बोलू नका.

एवढं करून दक्षिण आफ्रिकेत बंगला ठेवू नका. तिथल्या कोर्टांनी विंडहोकचा निकाल ग्राह्य धरला आणि 2015 मध्ये झिम्बाब्वे सरकारचं केप टाऊनमधलं घर लिलावात निघालं. 2018 मध्ये तर न्यायाधिकरणाच्या त्या नव्या नियमांच्या मसुद्यावरची दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष झुमांची सहीच तिथल्या कोर्टात घटनाबाह्य ठरली. तेव्हा पुढच्या बैठकीला सोबत सही करणारा निवडताना, त्याच्या घरचं न्यायालय जागं आहे का, तेवढं विचारून घ्या.