गळ्यात माळ आहे म्हणून हात उचलायची मुभा मिळत नाही

आज एकादशीच्या कीर्तनातून मधेच उठून आले. बुवा म्हणाले, "पोरी कॉलेजच्या नावाखाली पोरांबरोबर फिरतात, मग मार बसला की रडतात." आणि बायका हसल्या. आपल्याच बायका!

आमच्या वरच्या खोलीत विद्यापीठातली एक मुलगी भाड्यानं राहायची. पाणी भरताना तिची बाही वर सरकली. मनगटावर चार बोटं निळी उमटलेली. बांगड्या खाली ओढत म्हणाली, "काकू, माझंच चुकलं. लेक्चरला होते, फोन उचलला नाही."

ती ज्याच्याबरोबर फिरायची तो पोरगा माळकरी. दर सोमवारी कपिलेश्वराला जाणारा. हिच्या मोबाईलचा पासवर्ड त्याच्याकडं, दिवसभर लोकेशन चालू. "तो देवाधर्माचा आहे ओ काकू, त्याला काळजी वाटते." काळजी? बोटं उमटेपर्यंत?

माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसं मीही पाहिलीत. पोरी घरी खोटं सांगून भेटायला जातात, हेही मान्य. म्हणून मारायचं?

आपण जनाबाईला मानतो, शेजारची कानडी घरं राजाला सोडून निघालेल्या संत अक्कमहादेवीला हात जोडतात. आणि घरातल्या पोरीनं एका पोराला 'नको' म्हटलं की तिचंच चारित्र्य काढतो. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी म्हणून आपण रस्त्यावर येतो, यायलाच हवं. त्या मनगटासाठी कोण येणार?

मी म्हटलं, आईला सांग. तर पोर थरथरायला लागली. "घरी कळलं तर शिक्षण बंद, येत्या मे महिन्यात लग्न." त्याच्या मारापेक्षा तिला घरची जास्त भीती! तो पोरगाही तेवढ्यावरच माजला होता. "सांगू का तुझ्या बाबांना?" एवढं म्हटलं की ही गप्प.

2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्या पोराबरोबर एका घरात न राहणाऱ्या या पोरींना लागू होत नाही. पण बाईच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीच 3 वर्षांपर्यंत कैद. प्रत्येक विद्यापीठात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, यूजीसीचा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2015 चा नियम आहे.

बाळांनो, तुमचं काही चुकलेलं नाही. अर्ज कसा लिहायचा कळत नसेल तर मेसेज करा, मराठीत, कानडीत मी लिहून देते. समितीपुढं एकटीनं जायचं धाडस होत नसेल तर बरोबर येते. तुमच्या घरी मी काही सांगणार नाही.