प्रतिक्रियेला उत्तर: रबर, हवा आणि भित्रेपणा

सप्रेम नमस्कार.

पहिली स्पिअरगन, म्हणजे पाण्याखाली मासे टिपायची भाल्याची बंदूक, कोणती घ्यावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. नवख्याने ताणलेल्या रबरावर चालणारी घ्यावी, असे मी त्यात म्हटले होते. मी न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, बंदुका भीतीपोटी नाकारतो, भाल्याची जाडी चुकीची देतो, चाकांवरून रबर वळवलेल्या रोलर बंदुकीची बोळवण दोन ओळींत करतो आणि सरसकट सगळ्यांच्या गळ्यात 90 सेंटिमीटरची बंदूक मारतो, असे आपले चार आक्षेप आहेत. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘लेखकमहाशय रबर ताणण्यातच म्हातारे झाले असावेत’ या वाक्याने नेमका कोणता तांत्रिक मुद्दा सिद्ध होतो, हे चार वेळा वाचूनही मला उमगलेले नाही. शिवाय आपण नावही दिलेले नाही. असो.

आधी माझी चूक कबूल करतो. 16 मिलिमीटरची दोन रबरे लावलेल्या 90 च्या बंदुकीसाठी मी 6.5 मिलिमीटरचा भाला सुचवला होता. एवढ्या जोराने सुटताना बारीक भाला लवतो आणि नेम हुकतो; तिथे 7 मिलिमीटर लिहायला हवे होते. लेखात दुरुस्ती केली आहे. हे आपण टोमणा न मारता सांगितले असते, तर आभारही अधिक मोकळ्या मनाने मानले असते.

आता त्या भीतीविषयी. ‘न्यूमॅटिक न घेण्यामागे भीतीखेरीज दुसरे कारण नाही,’ असे आपण लिहिता. मी स्वतः सहा वर्षे न्यूमॅटिक वापरली आहे आणि तीही हौसेने. आखूड नळीत मिळणारा जोर, कपारीत शिरताना जाणवणारा सुटसुटीतपणा, जोर कमी-जास्त करण्याची सोय, हे तिचे गुण मीच त्या लेखात लिहिले आहेत. तो परिच्छेद आपल्या नजरेतून सुटला असावा, किंवा सोयीस्करपणे सोडला गेला असावा.

मात्र ही बंदूक भरताना भाल्याचे टोक कोणाकडे असते, याचा विचार आपण केला आहे का? रबराची बंदूक भरताना दस्ता छातीला किंवा कमरेला टेकलेला असतो आणि टोक आपल्यापासून दूर, पाण्याकडे असते. न्यूमॅटिकचा दस्ता पायाशी किंवा मांडीशी टेकवून, नळीचे तोंड आपल्याकडे ठेवून, भाला आपल्यालाच आत दाबत न्यावा लागतो. तो आत नीट अडकला नाही आणि हात सुटला, तर टोक आपल्याच तोंडावर येते. सरावाने हे जमते, मलाही जमले. पण पहिल्याच मोसमातल्या माणसाने लाटांवर हेलकावे खात ही कसरत करावी, असे मी लिहिणार नाही. याला आपण भित्रेपणा म्हणत असाल, तर मी भित्रा आहे.

दुसरे कारण माझ्या पदरच्या अनुभवाचे आहे. एका सकाळी भाला नेहमीपेक्षा हलक्या हाताने आत गेला. हात तयार झाले, या समजुतीने मी सुखावलो. पहिला बार दोन हातांवर जाऊन विरला. मासा पळालासुद्धा नाही, जागच्या जागी वळून पाहत राहिला. वर येऊन पाहतो तो नळीच्या तोंडाशी तेलाचा ओशटपणा आणि बारीक बुडबुड्यांची रांग. रेतीच्या कणाने हवा रोखून धरणारे सील गेले होते आणि भाला सुटेपर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता. काठावर येऊन, उरलेली हवा सोडून, बंदूक खोलून, सील बदलून, पंपाने पुन्हा 20 बारपर्यंत दाब भरेतो दिवस मावळला. रबर असे दगा देत नाही असे नाही; उन्हाने तेही कडक होते, तडकते. पण त्याची चीर बांधलेल्या टोकापाशी डोळ्यांना दिसते, नखाने चाचपता येते, आणि जवळचे आयते बांधलेले सुटे रबर पाण्यातच दोन मिनिटांत चढवता येते. नवख्याला बिघाड आधी दिसणे मला चार पावले जादा पल्ल्यापेक्षा मोलाचे वाटते, आणि माझा सगळा लेख याच एका गोष्टीवर उभा आहे.

रोलरबद्दल थोडक्यात: रबर तोंडाशी असलेल्या चाकांवरून खालच्या बाजूला वळवल्यामुळे भाल्याला जवळजवळ पूर्ण लांबीभर ओढ मिळते आणि धक्काही कमी बसतो. बंदूक उत्तम आहे. दुसरी म्हणून घ्यावी. लांबीचा आक्षेप तर लेख न वाचताच घेतलेला आहे, कारण गढूळ पाण्यासाठी 75 सेंटिमीटरचीच घ्यावी, हे तिसऱ्याच परिच्छेदात आहे. मास्कमधून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते. माझ्या चुका आपण बहुधा मास्क लावूनच मोजल्या असाव्यात.

आपण स्वतः कोणती बंदूक वापरता आणि तिचे सील शेवटचे केव्हा बदलले, हे एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत कुठेच आलेले नाही. तेवढे कळवावे. माझ्या वयाचा उल्लेख त्यात नसला तरी चालेल.