आधी हँडबिलं वाचवा

‘जादूगाराची साधनं जपली की त्याची कला जपली, कागद दुय्यम’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. पेटीचा चोरकप्पा पाहून युक्ती कळते, खेळ कळत नाही. कुठल्या गावी, किती रुपये तिकीट, कुठला प्रयोग शेवटी ठेवला होता, हे प्रयोगाचं हँडबिल, म्हणजे जाहिरातीचं छापील पत्रकच सांगतं. प्रसिद्ध जादूगार हुडिनीचा ग्रंथसंग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १९२७ साली, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेला, म्हणून आज अभ्यासकांना तो पाहता येतो.

माझ्या वडिलांनी जादूगार रघुवीर यांच्या प्रयोगाचं एक हँडबिल जपून ठेवलं होतं. घडीवर फाटायला लागलं म्हणून मी सेलोटेप लावला. वीसेक वर्षांत टेप सुटून पडला, पण त्याचा डिंक कागदात मुरून तपकिरी पट्टा उमटला आणि तारीख नेमकी त्या पट्ट्याखाली गेली. आता कितीही उजेडात धरलं तरी वाचता येत नाही. कोणाच्या घरी असे कागद असतील तर कृपा करून टेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आजच दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कागद घडी न घालता, सपाट, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा.