नमुना

माझी बायको गेली बत्तीस वर्षं मला 'नमुना' म्हणते. तेव्हा ती शिवी होती. आता विद्यापीठाने ते पद अधिकृत केलंय.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. घरात माझं मत विचारणारं कुणी उरलं नव्हतं. आज भाजी कोणती, हेसुद्धा मला ताटात पडल्यावर कळायचं. अशात एका संध्याकाळी दारात एक मुलगी उभी. हातात कागदांचा गठ्ठा, चेहरा रडवेला. "काका, पाचच मिनिटं. मला ३८४ हवेत, ३८३ झालेत." माझं मत घ्यायला कुणीतरी तीन जिने चढून आलंय, हे पाहून मी इतका हरखलो की कसले ३८४ हेही विचारलं नाही. विषय होता ऑनलाइन किराणा आणि ग्राहकाचं समाधान. प्रश्न ४२. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला, दोनदा चहा झाला, आणि जाताना तिने माझे पाय धरले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही शेतकऱ्याने असा नमस्कार केला नव्हता. अर्थात त्याला कारणंही होती.

चूक झाली ती इथेच.

संशोधनपद्धतीत 'हिमगोल नमुना निवड' नावाचा एक प्रकार आहे. एका उत्तरदात्याने दुसऱ्याचं नाव सुचवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, असा गोळा वाढत जातो. आमच्याकडे गोळा उलटा गडगडला. उत्तरदाता एकटा मी, आणि संशोधकच एकमेकांना सांगत सुटले: "विद्यापीठाच्या मागच्या फाटकापाशी एक काका आहेत. घरीच असतात. चहापण देतात."

त्या ३८४ चं कोडं मला पुढे एका संख्याशास्त्रवाल्याने उलगडून सांगितलं. क्रेजी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता छापला. लोकसंख्या ७५ हजार असेल तर ३८२ माणसांना विचारा, दहा लाख असेल तर ३८४. म्हणजे सव्वानऊ लाख माणसं वाढली तरी नमुन्यात भर पडते ती फक्त दोघांची. त्या दोघांपैकी एक दर वेळी मीच कसा, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

वाणिज्यवाल्यांच्या मागून मानसशास्त्र आलं, समाजकार्य आलं, गृहविज्ञान आलं. सगळ्यांचे फॉर्म एकाच छापाचे. आधी संमतीपत्र, त्यात 'सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी अभ्यासातून बाहेर पडू शकते' हे वाक्य. मी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर. बाहेर पडून जाऊ कुठे? मग एकेक विधान आणि पुढे पाच चौकोन: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. ही कल्पना रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन माणसाची, १९३२ सालची. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेल्या माणसाला 'तटस्थ' शिकवावं लागत नाही. मी सरळ मधल्या चौकोनांची उभी रांग भरत गेलो. पण ही पोरंही वस्ताद. सातव्या विधानात 'मला नवीन माणसं भेटायला आवडतं' आणि तेविसाव्यात 'नवीन माणसं मला नकोशी वाटतात', असं एकच विधान उलटं करून पेरलेलं असतं, लबाडी पकडायला. सातव्याला मी जोशात 'पूर्णपणे सहमत' होतो. तेविसाव्यापर्यंत तास उलटलेला असतो. तिथेही मी पूर्णपणे सहमत असतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण संगणकाला हे समजत नाही.

इथपर्यंत सगळं बसल्या जागी होतं. मग फिजिओथेरपीवाल्या एका मुलीने मला पार्किंगमध्ये उतरवलं. सहा मिनिटं चालण्याची चाचणी. तीस मीटरचा सरळ पट्टा, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू, आणि सहा मिनिटांत माणूस किती मीटर जातो ते मोजायचं. या चाचणीत परीक्षकाने काय बोलायचं तेही ठरलेलं असतं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. त्यामुळे ती दर मिनिटाला त्याच निर्विकार आवाजात, "छान चालताय. अजून पाच मिनिटं आहेत." "असंच चालू ठेवा. अजून चार मिनिटं." मी घामाघूम. वॉचमन खुर्ची ओढून बसलेला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "भाऊजी, काही हरवलंय का?" मुलीला उत्तर द्यायची परवानगी नव्हती आणि माझ्यात दम नव्हता. त्या संध्याकाळी सोसायटीत बातमी फिरली की माझं डोकं फिरलंय आणि एक मुलगी वेळ लावून बसलेली असते.

परागवाल्याचं प्रकरण मात्र जरा लांबलं. वनस्पतिशास्त्राचा हा मुलगा, हवेतले परागकण मोजणारा. पेट्रोलियम जेली लावलेल्या काचपट्ट्या त्याला आमच्या गच्चीवर ठेवायच्या होत्या. हवेतलं जे काही खाली बसेल ते जेलीला चिकटतं, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखून मोजायचा. मुलगा गुणी, मुद्दा चांगला, कुणाला कधी शिंका येतात हे त्यावरून कळतं म्हणे. मी परवानगी दिली. फक्त ते दिवस चैत्रातले होते आणि गच्ची बायकोची होती. पहिल्या आठवड्याच्या पट्ट्या घेऊन गेला तो दोन दिवसांनी धावत परत. "काका, असे कण मी परागकणांच्या कुठल्याच चित्रकोशात पाहिले नाहीत!" त्याच्या डोळ्यांत मला नवीन प्रजातीची स्वप्नं दिसत होती. त्याच्या गाईडबाईंनी पट्टीवर आयोडीनचा थेंब टाकला आणि ते कण निळेजांभळे झाले. आयोडीनने निळा होतो तो स्टार्च. आमच्या साबुदाण्याच्या पापड्या शास्त्राच्या दारात गेल्या होत्या.

मग वाटाघाटी. बायको म्हणाली, वाळवण वर्षातून एकदाच असतं. मुलगा म्हणाला, बहरसुद्धा. शेवटी सोम-बुध-शुक्र पराग आणि मंगळ-गुरू-शनि कुरडया असा तह झाला. त्याच्या प्रबंधात 'आठवड्यातून तीन दिवस नमुने घेण्यात आले' असं वाक्य असेल, त्याच्या पोटात एवढं रामायण आहे.

भाषाशास्त्रवालीला माझी बोली हवी होती. मी मूळचा साताऱ्याकडचा, हे कुणीतरी तिच्या कानावर घातलं असणार. याला मोठी परंपरा आहे. इंग्रज अमदानीतल्या ग्रिअर्सनसाहेबाच्या भारतीय भाषा पाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलीतून उतरवून घेतलेली आहे. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने गावोगाव फिरून बोलींचं ध्वनिमुद्रण केलं. मी यात खारीचा वाटा उचलायला सरसावून बसलो. तिने रेकॉर्डर चालू केला, "घरी बोलता तसं बोला" म्हणाली, आणि माझ्या तोंडून आकाशवाणीच्या बातम्या सुरू झाल्या. 'प्रस्तुत प्रसंगी मी असे नमूद करू इच्छितो.' मुलगी हताश. बायकोच्या भावाला काय म्हणता, हा तिचा पुढचा प्रश्न. बायको समोरच. मी म्हणालो, "मेहुणे." "आणि ते नसताना?" मी तटस्थ राहिलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला आणि मी ओरडलो, "आगं ये, दूध चाललंय की उतू! कुटं ध्यान हाय तुजं?"

मुलीने टाळ्या वाजवल्या. विल्यम लबॉव नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने या अडचणीबद्दल लिहून ठेवलंय: माणसं कुणी ऐकत नसताना कशी बोलतात हे शोधायचं, पण शोधायचं तर ऐकावं लागतं. त्यावरचा उतारा म्हणजे दूध उतू जाणं, हा आमच्या घरचा शोध. बायकोला मात्र विज्ञानासाठी झालेली ही ओरड पटली नाही. गॅस तिने दोनदा पुसायला लावला.

मानववंशशास्त्रवाल्याने जिभेवर कागदाची पट्टी ठेवायला दिली. तिच्यावर पीटीसी नावाचं रसायन. ते काहींना जहर कडू लागतं आणि काहींना काहीच लागत नाही, हे १९३१ च्या सुमारास फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाकडून प्रयोगशाळेत भुकटी उडाली तेव्हा अपघातानेच लक्षात आलं. बायकोने थू थू करून बेसिन गाठलं. मला कागदाची चव लागली. दोन मिनिटं शांतता. मग बायको म्हणाली, "म्हणजे माझं कारलं तुम्ही आवडीने खात नव्हता. तुम्हाला कळतच नव्हतं!" मुलगा परोपरीने सांगत होता, "काकू, कारल्याचं कडूपण वेगळ्या द्रव्यांचं असतं." पण संसारात इतका पुरावा पुरतो.

हे सगळं मी एकदा मानसशास्त्राच्या मुलाजवळ बोलून दाखवलं. तो म्हणाला, "काका, तुमचं काहीच नाही." बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या चित्तरंजन अंद्राडे आणि बी. एस. श्रीहरी यांनी २०० शाळकरी मुलांना नाकात बोटं घालण्याबद्दल विचारलं. जवळजवळ सगळ्यांनी कबूल केलं, मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा आकडा, निघाला दिवसाला चार वेळा, आणि आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं इग नोबेल २००१ साली त्यांना मिळालं. पुढच्याच वर्षी केरळ कृषी विद्यापीठाच्या श्रीकुमार आणि निर्मलन यांना ते मिळालं, हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ काढण्याच्या सूत्राबद्दल. मला आधी हसू आलं, मग हत्तीचा हेवा वाटला. त्याला नुसती टेप लावली. 'माझी सोंड मला समाधान देते' याच्यापुढे पाच चौकोन कुणी ठेवले नाहीत. आणि औषधाची मात्रा ठरवायला अंगाचं क्षेत्रफळ लागतं, हे कळल्यावर हसूही जरा ओशाळलं.

गेल्या महिन्यात मी साठीचा झालो. त्याच आठवड्यात एक मुलगा आला, चांगला गोरागोमटा, झोपेवर काम करणारा. मी उशी झटकून तयार. त्याने जन्मतारीख पाहिली आणि फॉर्म परत पिशवीत घातला. "सॉरी काका. १८ ते ५९." वगळण्याचे निकष म्हणतात याला. त्याने चहासुद्धा घेतला नाही. मी दुपारभर बायकोशी बोललो नाही आणि तिच्या ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा वाजली. या वेळी समाजशास्त्राची मुलगी, साठीच्या वरचे हवे असलेली. विषय, ज्येष्ठांचा एकटेपणा. वीस प्रश्नांची मोजपट्टी, उत्तरं चार: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, नेहमी. मधला चौकोन नाही, त्यामुळे मी सावध झालो. तिने हलक्या आवाजात विचारलं, "बोलायला कुणीतरी आहे, असं तुम्हाला किती वेळा वाटतं?"

"नेहमी," मी म्हणालो.

तिने पेन थांबवलं. "काका, मोकळेपणाने सांगा हं. असं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही. मॅडम म्हणतील, आउटलायर आहे, सगळ्यांपासून फटकून असलेलं उत्तर, काढून टाक."

आतून बायको आली. हातात भिंतीवरचं दुधाचं कॅलेंडर. रोजचा एक लिटर, आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात निळ्या पेनाने अर्धा लिटर जादा. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात: पराग, चालणारी, बोली, जीभ, पुन्हा पराग.

"दोन वर्षांची आहेत," बायको म्हणाली. "जुनी पानं कपाटात आहेत."

मुलीने मोबाईल काढला आणि एकेका महिन्याचा फोटो घ्यायला सुरुवात केली. बायको पुढचा चहा टाकायला आत वळली, आणि वळता वळता पेन मागून घेऊन आजच्या चौकोनात तिने लिहिलं: एकटेपणा, अर्धा लिटर.